फैयाज, वर ये

“ताई, आवाज येतोय तिचा,” वॉकीटॉकीतून फैयाज म्हणाला. “अगदी बारीक. पण येतोय. जिवंत आहे पोरगी.”

मी सेट कानाशी घट्ट दाबला. शेजारी चिखलात उकिडवे बसलेले चौगुले माझ्या तोंडाकडे बघत होते. खाली अडकलेली पोरगी त्यांची होती, आणि नेमकं हेच वाक्य त्यांच्या कानावर जाऊ नये असं मला वाटत होतं. कारण फैयाज बोलायच्या क्षणभर आधी माझी नजर डावीकडे, अगदी जवळून कड्यात उतरणाऱ्या घळीकडे गेली होती. घळीतलं पाणी लाल झालं होतं.

“काय म्हणाला त्यो?” चौगुल्यांनी विचारलं. “घावली का माझी पोरगी?”

“बघतोय तो,” मी म्हणाले.

घारकड्यावर श्रावणातलं दाट धुकं होतं. कठड्यापासून चार हातांवरचा दोर दिसायचा, पुढे नुसता पांढरा भिंतीसारखा पडदा. फैयाज त्या पडद्यामागे, दोनशे फूट खाली लटकत होता. चौगुले कुटुंब इचलकरंजीहून फिरायला आलेलं. दुपारी जेवणं झाल्यावर मुलगी ऋतुजा फोटोसाठी कठड्यापलीकडे उतरली आणि शेवाळावरून घसरून खाली गेली. कड्याच्या पोटात झुडपांनी भरलेला एक अरुंद टप्पा आहे, तिथे ती अडकली असेल तर तेवढीच आशा, त्याच्या खाली काहीच नाही. टप्पा घळीला अगदी चिकटून.

आमची ‘दरीमित्र’ संस्था तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. घाटाखालच्या आमच्या पारसोलीत शिर्के म्हणून मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे गृहस्थ होते, डोंगरात भटकण्याचं त्यांना वेड. घाटात माणूस पडला की पोलीस शिर्क्यांकडेच यायचे. मग त्यांनी ठरवलं, रीतसर संस्था काढू. नोंदणीला सात माणसं लागतात. सहा त्यांच्या भटक्या टोळीतली मिळाली. सातवी सही माझी झाली. मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, माझा आणि डोंगराचा संबंध खिडकीतून बघण्यापुरता.

“मॅडम, तुमच्या आवाजासाठी घेतोय तुम्हाला,” शिर्के म्हणाले होते. “स्टँडवर केवढाही गोंधळ असो, तुमची घोषणा शेवटच्या बाकावर ऐकू येते. आम्हाला वर बसून बोलणारं माणूस पाहिजे.”

वर बसून बोलणाऱ्याला आम्ही ‘बेस’ म्हणायचो. मला वाटलं होतं, बायकांना चहा-पाण्याचं खातं देतात तशातलाच हा प्रकार. पण पहिल्याच बैठकीत शिर्क्यांनी नियम सांगितला. दोरावरच्या माणसाला खालचा जीव दिसतो, त्याला दुसरं काही दिसत नाही. दोर धरणाऱ्याला फक्त दोर कळतो. म्हणून बेस ‘वर ये’ म्हणाली की यायचं. चर्चा नाही. घळीचंही त्यांनीच शिकवलं होतं. पाणी पांढरं आहे तोवर ठीक. लाल झालं म्हणजे वर कुठेतरी माती सुटली, आणि मातीमागून दगड येतात.

नियम सगळ्यांनी मान डोलावून मान्य केला. त्यानंतर आम्ही मेलेली माणसं वर काढली, वाट चुकलेली शोधली, एकदा एका म्हशीला घळीतून ओढून काढलं. ‘वर ये’ म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मी उठून शिर्क्यांजवळ गेले. ते आणि शाळामास्तर तुषार धामणसे दोर धरून होते. मी कानाशी लागून म्हणाले, “पाणी लाल झालंय.”

शिर्क्यांनी मान वळवून घळीकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पण ते म्हणाले, “थोडं थांबा, मॅडम.”

“तुमचाच नियम आहे.”

“माहीत आहे मला. पण ती बोलतेय ना खाली? तो पोचलाय जवळजवळ.” मग आवाज आणखी खाली आणून, “मागे बघा. टीव्हीवाले आलेत. तहसीलदार आलेत. जिवंत पोरीला टाकून वर आलो तर उद्या कोण बोलावील आपल्याला? संस्था आजच बुडाली म्हणून समजा.”

तुषार माझ्याकडे बघतही नव्हता. दोराकडे बघत होता.

मी परत माझ्या ताडपत्रीखाली आले. फैयाज मुकादम आमच्या शेजारच्या आळीतला. वेल्डिंगचं काम करायचा. त्याची आई नूरबी दर शुक्रवारी माझ्या दारात सुकट विकायला यायची, आणि संस्थेत त्याचं नाव घातलं त्या शुक्रवारी पैसे न घेता म्हणाली होती, “कुमुदताई, तो माझं ऐकत नाही. तुमच्या हवाली केलाय.”

घळीत काहीतरी घरंगळलं. लहान दगड असावेत. धुक्यात आवाज कुठून येतो कळत नाही, वाटतं आपल्या अंगावरच येतोय.

मी बटण दाबलं. “फैयाज, बेसवरून बोलतेय. वर ये.”

खरखर. उत्तर नाही.

“फैयाज, पाणी लाल झालंय. आहेस तिथून वर ये. ऐकतोयस?”

चौगुले ताडकन उठले. “वर? आन् माझी पोर?”

“दगड येतायत, दादा. थोडं थांबून परत—”

“कुठं थांबून? बाई, हात जोडतो. पाया पडतो तुमच्या. त्याला सांगा, जा म्हणावं. सांगा!” त्यांनी माझ्या हातातला सेट धरला. त्या माणसाच्या बोटांत इतका जोर होता की माझं मनगट पिरगळलं. हवालदाराने त्यांना मागे ओढलं. ते चिखलात बसले आणि ऋतू, ऋतू करून दरीकडे तोंड करून हाका मारू लागले. मागच्या गर्दीतून कोणीतरी बोललं, “बाईमाणसाला कशाला बसवतात असल्या कामाला? काळीज लागतं.”

“फैयाज, वर ये,” मी म्हणाले.

आणि तेव्हाच तुषार ओरडला, “काका, दोर ढिला पडला!”

मी मागे वळून बघितलं. इतका वेळ ताठ असलेला दोर कठड्यावर निजल्यासारखा पडला होता. शिर्क्यांनी तो हळूच ओढून पाहिला. दोर आला. वजन नव्हतं.

याचे दोनच अर्थ होतात, हे तिथे आम्हा तिघांनाच कळत होतं. एक तर फैयाज टप्प्यावर उतरून उभा राहिला. नाहीतर…

“बोलवा त्याला, मॅडम,” शिर्के म्हणाले. आता त्यांच्या आवाजात टीव्हीवाले नव्हते, तहसीलदार नव्हते. “बोलवत राहा.”

“फैयाज, बेसवरून बोलतेय. वर ये.”

खरखर.

“फैयाज, ऐकतोयस का? नुसतं बटण दाब. बोलू नको. नुसतं दाब.”

मग वरच्या अंगाने मोठा धोंडा आला. तो दिसला नाही. जमीन आधी हादरली, मग घळीतून काहीतरी प्रचंड आपटत, मोडत, झाडं खेचत गेल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ खालून आवाज येत राहिला, दूर दूर जात. तो थांबल्यावर सगळा कडा गप्प झाला. चौगुल्यांच्या हाकाही थांबल्या. गर्दीतली एक बाई देवाचं नाव घेत होती तेवढंच ऐकू येत होतं.

मी स्टँडवर वीस वर्षं बोलले. गाड्या रद्द झाल्याचं सांगितलं, अपघाताच्या बातम्या सांगितल्या, हरवलेल्या पोरांची नावं पुकारली. आवाज कधी हलला नाही. त्या दिवशीही हलला नसावा, कारण तुषार पुढे म्हणाला, तुम्ही अशा बोलत होतात जसं की गाडी फलाट क्रमांक दोनवर लागतेय. पण आत माझं डोकं भलतंच चाललं होतं. मी नूरबीच्या दारात उभी होते. तिला सांगायचं वाक्य जुळवत होते. पहिला शब्दच सापडत नव्हता. ‘नूरबी’ म्हणावं, की नुसतं उभं राहावं? ती माझ्या तोंडाकडे बघूनच समजेल का?

“फैयाज, वर ये. फैयाज, बेसवरून बोलतेय. फैयाज, वर ये.”

किती वेळ गेला कोण जाणे. उजेड उतरू लागला होता. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, ती घ्यायला मी सेटवरचा हात काढला नाही. शिर्के दोर मुठीत धरून डोळे मिटून उभे होते. दोनदा त्यांना वाटलं, हलला. नव्हता हलला.

मग तुषारच्या तोंडून विचित्र आवाज आला, हुंदका आणि हाक यांच्या मधला. दोराला हिसका बसला होता. पुन्हा एक. पुन्हा एक. तीन हिसके म्हणजे ओढा.

पोलीस, टपरीवाले, टीव्हीवाल्यांचा ड्रायव्हर, सगळे दोराला लागले. दोन माणसांचं वजन होतं. आधी धुक्यातून फैयाजचं पिवळं हेल्मेट वर आलं, मग त्याच्या छातीशी बांधलेली ऋतुजा. पाय भलत्याच बाजूला वळलेला, पण डोळे उघडे. “पप्पा” म्हणाली. चौगुले तिच्याकडे धावायच्या आधी फैयाजच्या पायावर कोसळले.

दोघी बायकांनी काखेत हात घालून मला उठवलं.

फैयाज माझ्यासमोर आला. कपाळावरून रक्ताचा ओघळ, ओठ निळे. “सेटमध्ये पाणी गेलं, ताई,” तो म्हणाला. “काहीच ऐकू आलं नाही.”

पुढचा आठवडाभर पारसोलीत फैयाजशिवाय दुसरा विषय नव्हता. बाजारपेठेतून मिरवणूक निघाली. नूरबीने माझ्या घरी शेवया पाठवल्या. आमदारांनी शाल दिली, भाषणात ‘शूर मावळा’ म्हणाले. संस्थेत यायचंय म्हणून कॉलेजची मुलं शिर्क्यांच्या दुकानापुढे रांग लावून उभी राहिली, आणि प्रत्येकाला फैयाजसारखं व्हायचं होतं. मी त्या रांगेकडे स्टँडच्या खिडकीतून बघायची. एवढं यश डोळ्यांसमोर असताना मला त्या मुलांची भीती वाटू लागली. रात्री झोपेत दोर ढिला पडायचा.

बैठक वाचनालयाच्या माडीवर झाली. पेढे वाटून झाल्यावर मी म्हणाले, “फैयाजने एक वर्ष दोराला हात लावायचा नाही.”

कोणाला आधी कळलंच नाही. शिर्के हसले, त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

“सेट बंद पडला तर वर यायचं, हाही नियमच आहे,” मी म्हणाले. “तो आला नाही.”

“मॅडम, पोरगी वाचली!” शिर्के म्हणाले. “लोक शेण घालतील आपल्या तोंडात.”

फैयाज उभा राहिला. त्याच्या हातात अर्धा पेढा होता. “मी आणली तिला, ताई. जिवंत आणली.”

“आणलीस. म्हणूनच म्हणतेय. तू रिकाम्या हाताने आला असतास तर तुझी चूक सगळ्यांना दिसली असती. आता ती कोणालाच दिसत नाहीये. बाहेर ती पोरं उभी आहेत ना, ती हेच शिकून आलीत.”

“तुम्हाला वर बसून काय कळतं?” तो म्हणाला. आळीत लहानाचा मोठा झालेला हा मुलगा माझ्याशी असा कधी बोलला नव्हता. “ती मला हाक मारत होती. मला. तिला टाकून तुम्ही तरी आला असतात का वर?”

“मतं घ्या,” मी शिर्क्यांना म्हणाले.

मतं घेतली. तुषारने माझ्या बाजूने हात वर केला, मग अडखळत आणखी दोघांनी. शिर्के सगळ्यात शेवटी. हात वर करताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. फैयाज पेढा टेबलावर ठेवून जिना उतरून गेला. त्याच्यामागून संस्थेतले दोघे गेले ते परत आलेच नाहीत. नव्या पोरांची रांग आठवड्याभरात मोडली. नूरबी त्या शुक्रवारी आली नाही, पुढच्याही नाही. स्टँडवर माझ्या पाठीमागे लोक बोलायचे, बाईला पोराचं कौतुक सोसवलं नाही. एका संस्थेचं असं बघता बघता चार माणसांचं भांडण होतं, हे मला तेव्हा कळलं. पावसाळा आम्ही कसाबसा काढला.

दिवाळीच्या सुट्टीत घारकड्याच्या पलीकडच्या अंगाला एक भटका अडकला. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. तुषार उतरला. कड्याला तिथे मोठं, बाहेर आलेलं पोट आहे, त्याच्याखाली गेला की माणूस वरून दिसत नाही. तो दिसेनासा झाला आणि सेटवर बोलेनासाही झाला.

मी बोलवत राहिले. “तुषार, बेसवरून बोलतेय.” खरखर. तीच खरखर.

तेवढ्यात पाठीमागे पावलं वाजली. फैयाज होता. कामावरून तसाच आला असावा, शर्टाला वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं. गाड्यांजवळ थांबला, मग थोडा पुढे आला, मग माझ्याजवळ. मी त्याच्याकडे बघितलं नाही. दोर ढिला पडला तेव्हा त्याने श्वास रोखलेला मला ऐकू आला.

“बोलत का नाही तो?” त्याने विचारलं.

मी पुन्हा बटण दाबलं.

“पोटाखाली उभा असेल. असेल ना, ताई? टप्पा आहे तिथे. उभा असेल.” तो दरीकडे गेला, परत आला, शिर्क्यांकडे गेला, परत आला. हाताचं काय करावं त्याला कळत नव्हतं. मग तो माझ्या शेजारी खडकावर बसला. “असं… एवढा वेळ बसून राहायचं?”

“हो.”

माझा आवाज बसला होता. मी सेट खाली घेतला, घोटभर पाणी प्यायला.

“थांबू नका,” फैयाज एकदम म्हणाला. “बोलत राहा. तो ऐकत असेल.”

“तुला काय माहीत?”

तो दरीकडे बघत होता. “मी ऐकत होतो,” तो म्हणाला.

मला आधी समजलंच नाही.

“सेटमध्ये पाणी गेलं नव्हतं, ताई. चालू होता. पहिलं ‘वर ये’ ऐकलं तेव्हाच ठरवलं, उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं असतं तर वर यावं लागलं असतं.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “तो धोंडा आला ना, तो माझ्या खांद्याला वारा घालून गेला. मी त्या पोरीवर पालथा पडून होतो. हातपाय चालेनात. गाठ मारता येईना. तुम्ही नाव घेत होतात. ‘फैयाज, वर ये, फैयाज, वर ये.’ त्या आवाजावर मी गाठ मारली. नाहीतर तिथेच राहिलो असतो दोघं. आणि तुम्ही इकडे अशा बसला होतात, हे… हे मला माहीत नव्हतं.”

त्याला थोबाडीत मारावी असं वाटलं. त्याला जवळ घ्यावं असंही वाटलं. दोन्हीसाठी हात मोकळा नव्हता. मी सेट त्याच्या हातात दिला.

“मग तूच बोल.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बटण दाबलं. पहिल्यांदा शब्द फुटला नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, “तुषार, बेसवरून फैयाज. वर ये.” पुन्हा म्हणाला. पुन्हा म्हणाला. एवढा धिप्पाड मुलगा, पण आवाज हळूहळू सरळ झाला, एका लयीत आला. बऱ्याच वेळाने सेट खरखरला आणि तुषार वैतागून म्हणाला, “अरे, ऐकू येतंय. पोटाखालून माझंच वर पोचत नव्हतं. आत्ता बाहेर आलोय. माणूस बरा आहे. घ्या वर.”

फैयाजने सेट मांडीवर ठेवला आणि चेहरा दोन्ही हातांनी झाकला.

वर्ष संपल्यावर शिर्के त्याला म्हणाले, आता उतर हवं तर. तो नाही म्हणाला. म्हणाला, ताईंची निवृत्ती जवळ आली आहे, बेस शिकतो. मी मुंबईला मुलीकडे दोन वर्षं राहून परत आले तेव्हा बेस त्याचीच झाली होती, आणि आजही आहे. संस्थेत आता चाळीस पोरं आहेत. ती म्हणतात, फैयाजभाई फार लवकर वर बोलावतात.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी, खाली माणूस अडकलेला असतानाच, त्याने सगळ्या पोरांना वर घेतलं. खालच्या माणसाच्या भावाने त्याची कॉलर धरली, तोंडात येईल ते बोलला. सकाळी माणूस सापडला, पण गेलेला होता. डॉक्टरांना सांगता आलं नाही, कधी गेला ते.

दुपारी फैयाज माझ्याकडे आला. नूरबी होती तेव्हा ज्या पायरीवर बसायची तिथे न बसता आत येऊन खुर्चीवर बसला. मी चहा केला. कप हातात धरून तो म्हणाला, “ताई, चुकलं का माझं?”

“पोरं सगळी वर आली?”

“आली.”

आणखी काय सांगणार होते मी? तो बसून राहिला. मीही बसले. कपातल्या चहावर साय धरली. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसरा करायला आत गेले.